लायसन आलं, पण गाडीचं काय?

आज घरातलीच गोष्ट सांगते.

माझ्या पुतण्याला अठरा पूर्ण झाली आणि लायसन मिळालं. दिरांनी सेकंडहँड गाडी घेतली, २०१० सालची. ऊसतोडीचे दिवस होते. पोरं रात्री हळदीला निघाली. जाऊबाई किल्ली देईनात. मीच म्हणाले, "लायसन आलंय की, जाऊ दे त्याला."

परतताना पुढं उसाची ट्रॉली. तिला मागं ना लाईट, ना रिफ्लेक्टर. आमच्या गाडीच्या दिव्यांची काच पिवळी पडलेली, त्यामुळं ट्रॉली दिसली तीच जवळ आल्यावर. त्यानं जोरात ब्रेक दाबला, चाकं जाम झाली, गाडी घसरत जाऊन आदळली. त्यानं पट्टा लावला होता, तो वाचला. मागं बसलेल्या मित्राचा पाय दोन ठिकाणी मोडला. मागचे पट्टे आम्ही सीट कव्हरखाली दाबून टाकले होते. त्या पोराची आई भेटली की आजही माझी मान खाली जाते.

मैत्रिणींनो, लायसन पोराचं असतं, गाडीचं नसतं. चाकं जाम होऊ न देणारे एबीएस ब्रेक नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून सक्तीचे झाले, ड्रायव्हरपुढची एअरबॅग जुलै २०१९ पासून. त्याआधीच्या बऱ्याच गाड्यांना हे नाही. नवा हात घाबरून ब्रेक दाबतो आणि जुनी गाडी त्याला सांभाळून घेत नाही.

मग किल्ली देण्याआधी आपण काय बघायचं? पट्टा झटक्यानं ओढा, तो अडकला पाहिजे. मागचे पट्टे बाहेर काढा, मागंही ते बंधनकारक आहेत. टायरवर चार आकडी नंबर असतो. १११४ म्हणजे २०१४ सालचा अकरावा आठवडा. आमच्या टायरवर तोच होता. नक्षी चांगली दिसत होती, पण जुनं रबर कडक होतं, पकड सोडतं. संध्याकाळी दिवे लावून बघा, मागचेसुद्धा. ब्रेक मेकॅनिककडून तपासून घ्या. विमा चालू आहे का आणि गाडी आपल्या नावावर झाली का, तेही विचारा.

आमच्या घरी आता नियम आहे: पहिले सहा महिने रात्री गाडी न्यायची नाही आणि मित्रांनी भरूनही न्यायची नाही. पोरगं रुसतं. रुसू दे. आणि अठराच्या आतल्या पोराच्या हातात तर किल्ली द्यायचीच नाही. त्याला पालकांना २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

कुठं अपघात दिसला तर १०८ ला फोन करा. मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे, घाबरू नका.

बचत गटाच्या पुढच्या बैठकीत एवढंच विचारा: कुणाच्या गाडीचे मागचे पट्टे सीट कव्हरखाली आहेत? घरी जाऊन आधी ते बाहेर काढा.