पोटखराब माळावरचा उन्हाळा
(१९९५ च्या दहावीच्या स्नेहमेळाव्यातील भाषण)



मला व्यासपीठावर ढकलताना सूत्रसंचालकांनी सांगितलंय, "घरची खबरबात सांग, आणि लवकर आटप." सॉफ्टवेअरवाल्यांचं "लवकर" कधी वेळेत होत नाही, हे तुम्ही गृहीत धरलेलं असेलच.

तर आधी खबरबात. शाळा सुटली, बारावी झाली, कराडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातून २००१ साली पदवी घेतली आणि पुढची एकोणीस वर्षं पुण्यात नोकरी केली. इथवरचं आपल्या ग्रुपवर सगळ्यांना ठाऊक आहे. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा "पंधरा दिवस जाऊन येऊ" म्हणून आम्ही लोणंदला आलो. ते पंधरा दिवस अजून संपायचेत.

आमचं घर गावात नाही. सालप्याच्या अंगाला, माळाला लागून आहे. अण्णा २०२३ च्या जानेवारीत गेले. आई शहात्तर वर्षांची आहे. गुडघे बोलतात, पण जीभ त्याहून जास्त बोलते. आमचे हे रोज शिरवळला कंपनीत जातात. मुलगी यंदा बारावी झाली आणि तिला शिरवळच्याच क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला. मुलगा आठवीत आहे, आपल्याच शाळेत. माझी नोकरी घरूनच चालते. वीज जाते, इन्व्हर्टर दमतो, पण काम होतं. परदेशातल्या टीमशी मीटिंगा रात्री असतात, त्यामुळे सकाळ माझी मोकळी असते. आज जे सांगायचंय ते सगळं त्या मोकळ्या सकाळींमुळे दिसलेलं आहे.

आमच्या सातबाऱ्यावर दोन हेक्टर लागवडीची जमीन आहे. तिथे कांदा, ज्वारी, थोडा ऊस. त्याखाली लिहिलंय, पोटखराब, दोन हेक्टर चाळीस आर. म्हणजे सहा एकर मुरमाड माळ. पोटखराब म्हणजे ज्यात काही पिकत नाही ती जमीन. लहानपणापासून आम्ही त्याला "तिकडं काही नाही" असंच म्हणत आलो.

आपल्या भूगोलाच्या तासाला पर्जन्यछायेचा प्रदेश शिकवला होता, आठवतं? महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि ढग आपल्यापर्यंत पोहोचतात तेव्हा त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढाच उरलेला असतो. परीक्षेत आपण ते लिहिलं आणि मार्क घेतले. पण त्याचा अर्थ मला पंचेचाळिशी जवळ आल्यावर कळला. एवढ्या पावसात, एवढ्या पातळ मातीत, घनदाट जंगल वाढत नाही. गवत वाढतं. कुसळ, पवन्या, मारवेल. मध्येच एखादा हिवर, बोर, नेपतीचं जाळं. हे उजाड झालेलं रान नव्हे. इथलं रान असंच असतं, आणि त्यात राहणारे जीवही त्याच्याच मापाचे असतात.

आता या उन्हाळ्याची हकिगत.

मार्चमध्ये गवत वाळून पिवळं पडलं, तसे डोंबारी दिसायला लागले. चिमणीएवढा पक्षी, नराचं पोट काळं. सरळ वर चढतो, पंख मिटून दगडासारखा खाली येतो, जमिनीला टेकेल असं वाटतानाच पुन्हा वर जातो. डोंबाऱ्याच्या खेळासारख्या या कसरतीवरून त्याला हे नाव पडलंय. मादी जवळच जमिनीवर अंड्यांवर असते. झाडच नाही म्हटल्यावर इथले बरेच पक्षी अंडी जमिनीवर घालतात. माळाला आग लावली की काय जळतं, ते यावरून लक्षात येईल.

एप्रिलमध्ये जुन्या बांधाच्या बिळातून खोकडाची तीन पिल्लं बाहेर आली. खोकड म्हणजे कोल्ह्याहून लहान, शेपटीचं टोक काळं. आपल्यापैकी बरेच जण त्याला कोल्हाच म्हणतात. आम्ही गोठ्याच्या पत्र्यावर बसून, लांबूनच बघायचो. पहाटे आई-बाप उंदीर आणायचे. पिल्लं त्यावरून भांडायची आणि भांडून झालं की एकमेकांच्या अंगावर झोपायची. माझा मुलगा म्हणाला, "आई, हे आमच्या वर्गासारखंच आहे." कांद्याच्या रानातले उंदीर किती कमी झाले याचा हिशोब मी ठेवलेला नाही, पण खोकडाचं कुटुंब शेतकऱ्याकडून पगार घेत नाही एवढं नक्की.

शेततळ्यावर सकाळी आठच्या सुमारास पखुर्ड्या यायच्या. यांचा नर पाण्यात पोट बुडवून बसतो. त्याची पोटाची पिसं स्पंजासारखी पाणी धरतात. तेवढं पाणी घेऊन तो उडत जातो आणि माळावरची पिल्लं त्याची पिसं चोखून तहान भागवतात. एवढ्या उन्हात बाटलीशिवाय घरी पाणी नेणारा बाप मी दुसरा पाहिलेला नाही.

शेततळ्यावरून एक कामाची गोष्ट सांगते. तळ्याच्या प्लास्टिकवरून प्राणी घसरून आत गेला की वर येऊ शकत नाही. आम्ही चारही बाजूंनी गाठी मारलेली काथ्याची जाळी सोडली आहे. खर्च फार नाही. ज्यांच्याकडे तळं आहे त्यांनी एवढं कराच. तुमचं स्वतःचं करडूसुद्धा त्याच जाळीवरून वर येईल.

आणि मग १७ एप्रिल. सकाळी सहाला मी चहाचा कप घेऊन उभी होते आणि माळाच्या कडेने एका रांगेत पाच जनावरं चालत गेली. आधी वाटलं कुत्री. पण कुत्रं इकडेतिकडे हुंगत, रमतगमत चालतं. ही एका सुतात चालली होती. पाय लांब, शेपटी खाली. लांडगे. नर, मादी आणि अर्धवट वाढलेली तीन पिल्लं. आपल्याकडे लांडग्यांची वीण हिवाळ्यात होते, त्यामुळे एप्रिलपर्यंत पिल्लं आई-बापांबरोबर हिंडू लागतात. मी आईला हाक मारली. ती बाहेर आली, डोळ्यांवर हात धरून बघितलं, आणि पहिलं वाक्य काय बोलली? "मेंढरं कुठं बसल्यात आज?"

आईचं बरोबर होतं. मे महिन्यात, कोकणातून परतलेला एक वाडा आमच्या रानात बसला होता आणि एका रात्री वाघरीशेजारून कोकरू गेलं. सकाळी मी त्या मेंढक्या मामांकडे गेले. मला वाटलं, ते चिडले असतील. ते म्हणाले, "ताई, त्यानं त्याचं प्वाट भरलं आन् माझं नुकसान झालं. दोन्ही खरंय." भरपाईची तरतूद आहे, पण पंचनामा होईपर्यंत वाडा दोन मुक्काम पुढे गेलेला असतो. लांडग्याचं कौतुक करणाऱ्या माझ्यासारखीने हे विसरू नये. कौतुक माझं असतं, कोकरू त्यांचं असतं.

भारतात लांडगे तीन हजारांच्या आसपासच उरलेत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात त्यांना पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्याच रांगेत जागा आहे. पण वाघाला अभयारण्य मिळालं, लांडगा मात्र आपल्या पोटखराब जमिनीवर जगतो. आपल्या जवळचं अभयारण्य म्हणजे सुप्याचं मयूरेश्वर. १९९७ साली चिंकाऱ्यांसाठी जाहीर झालेलं, आणि क्षेत्र सव्वापाच चौरस किलोमीटरसुद्धा नाही. लांडग्यांचा कळप तेवढं एका रात्रीत पायाखाली घालतो. शिवाय माळ तुकड्यातुकड्यांत उरला की दुसरंही संकट येतं. गावकुत्र्यांशी संकर होतो. पुणे जिल्ह्यातल्या माळांवर असे संकर जनुकीय तपासणीत सापडले आहेत.

आता जी खबरबात सांगायला मला थोडं जड जातंय, ती.

दादा एप्रिलअखेर कॅनडातून महिनाभर आला होता. आपल्यापेक्षा दोन वर्षं पुढे होता, तुमच्यातल्या काहींनी त्याच्याकडून गणिताची वही उसनी घेतलेली आहे. तो आला ते माळ विकायचं ठरवून. रस्ता रुंद झालाय, शिरवळ-खंडाळ्याकडून कारखाने सरकत येतायत, प्लॉटचे भाव तुम्हाला मी सांगायला नको. दादाची बाजू चुकीची नव्हती. त्याच्या मुलीची फी आहे, आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन आहे, आणि कांद्याच्या भरवशावर कुणी योजना आखत नाही. जमीन दोघांची. मी इथे राहते म्हणून माझा शब्द जास्त वजनाचा, असं होत नाही.

एजंट माळावर आला, चारी बाजूंना बघून म्हणाला, "मॅडम, इथं आहे काय? दगड आणि कुसळं." मला माझ्या कामातली एक गोष्ट आठवली. डेटाबेसमध्ये एखादा रकाना मोकळा असला की त्याला आम्ही "नल" म्हणतो. नवीन मुलांना पहिल्या आठवड्यात शिकवावं लागतं, की नल म्हणजे शून्य नव्हे. शून्य म्हणजे मोजलं आणि काही निघालं नाही. नल म्हणजे अजून कुणी नोंदच केलेली नाही. पोटखराब हा शब्द सातबाऱ्यावर शून्यासारखा वाचला जातो, पण तो खरं तर नल आहे.

मी दादाशी वाद घातला नाही. तीन उन्हाळ्यांची नोंदवही त्याच्यापुढे ठेवली. तारीख, वेळ, काय दिसलं, किती. त्यात माझं अक्षर आहे, मुलांचं आहे, आणि सुरुवातीच्या चार पानांवर ऑक्टोबर २०२२ मधलं अण्णांचं आहे. दादा ती रात्री उशिरापर्यंत वाचत बसला. दुसऱ्या दिवशी पहाटे पत्र्यावर आम्ही चौघं होतो.

पण एका वहीने फी भरली जात नाही. शेवटी आईने तोड काढली. रस्त्यालगतचे ऐंशी आर, म्हणजे दोन एकर, विकायचे. मागचे चार एकर पाच वर्षं तसेच ठेवायचे आणि मग पुन्हा बसायचं. तसंच झालं. दादाचा वाटा त्याला मिळाला, आईचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. विकलेल्या तुकड्याला तारेचं कुंपण पडलंय आणि खोकडाचं बीळ त्या कुंपणापासून जेमतेम शंभर पावलांवर आहे. पुढच्या उन्हाळ्यात तिथे पिल्लं असतील की नाही, मला सांगता येत नाही. पाच वर्षांनी आम्ही काय ठरवू, तेही नाही.

या सगळ्या चर्चेच्या काळात टिटवीने मुरमाच्या ढिगाऱ्यावर चार अंडी घातली होती. आई म्हणाली, "उंचावर घातल्यात. औंदा पाऊस लवकर आन् लय." मी तिला समजावलं, की एका घरट्यावरून निष्कर्ष काढायचा नसतो. यंदा काय झालं, तुम्ही पाहिलंत. मेच्या शेवटच्या आठवड्यात फलटण-बारामतीकडे पाण्याने हाहाकार केला आणि २६ मे रोजी मोसमी पाऊस मुंबईत पोहोचला, नोंदी आहेत तेव्हापासून सगळ्यांत लवकर. आमच्या वखारीत पाणी शिरलं, कांदा सडला. ढिगाऱ्यावरची अंडी मात्र कोरडी राहिली आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात चारही पिल्लं निघाली. माझा अजूनही निष्कर्षावर विश्वास नाही, पण आईपुढे तो विषय मी काढत नाही.

मित्रांनो, आमचे चार एकर लांडग्याला पुरणारे नाहीत. पण या हॉलमध्ये बसलेल्या निम्म्या लोकांच्या सातबाऱ्यावर पोटखराब लिहिलेलं आहे, आणि गावागावांत गायरान आहे. ते सगळं एकत्र धरलं तर सालप्यापासून फलटणपर्यंत चालायला वाट उरते. विकू नका असं मी म्हणणार नाही, मीही विकलंय. एवढंच म्हणते, की सही करण्याआधी किंवा वृक्षारोपण म्हणून माळावर गिरिपुष्पाचे खड्डे घेण्याआधी, एक सकाळ तिथे जाऊन बसा. वाळलं गवत पेटवू नका. नांगरताना टिटवी अंगावर आली तर चार हात जागा सोडा. इंदापूरजवळ कडबनवाडीला आणि बारामतीजवळ शिर्सुफळला वन विभागाने गवताळ रानातली सफारी सुरू केली आहे. लोक पैसे देऊन तेच बघायला जातात, जे तुमच्या बांधापलीकडे आहे.

नोंदवहीची एक प्रत मी शाळेच्या प्रयोगशाळेत ठेवायला दिली आहे. सरांनी परवानगी दिली, त्यांचे आभार. त्यात तुमच्याही माळाचं एक पान घाला. सध्या हिवाळी पाहुणे, मध्य आशियातले भोवत्ये, आलेले आहेत. पण खरा माळ बघायचा तर एप्रिलमध्ये या. पहाटे साडेपाचला पोहोचा, पाण्याची बाटली आणा, कारण सावलीला आमच्याकडे एकच हिवर आहे. पत्र्यावर बसायला जागा आहे, आणि चहा आई करेल. तोवर तिचे गुडघेही बरे झालेले असतील.