तेरा नंबरचं नाव काय?

श्रोतेहो, अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात त्यात पायाचं काम थोडंच. लांबट, दोन्ही टोकांना निमुळता चेंडू. तो हातात धरून पळायचं, नाहीतर साथीदाराकडे फेकायचा. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकलात तर आणखी चार प्रयत्न मिळतात, नाहीतर चेंडू समोरच्यांच्या ताब्यात. हा खेळ तिथल्या कॉलेजांमधून शनिवारी रंगतो. मिशिगन विद्यापीठाच्या एकट्या मैदानात एक लाख सात हजारांहून जास्त माणसं बसतात. एवढी गर्दी ज्यांच्यासाठी जमते ती मैदानावरची पोरं मात्र विद्यार्थी. त्यांना शिष्यवृत्ती मिळे. पण स्वतःच्या नावावर, चेहऱ्यावर चार पैसे कमवायला २०२१ सालापर्यंत मनाई होती. ही मनाई ध्यानात ठेवा, ती पुढे कामाला येणार आहे.

आज मला बोलायचं आहे ते या खेळाच्या पडद्यावरच्या रूपाविषयी, म्हणजे व्हिडिओ गेमविषयी. पन्नाशी ओलांडलेल्या, गझला लिहिणाऱ्या माणसाचा हा विषय नव्हे, असं तुम्ही म्हणाल. पण माझा एक भाचा टेक्सासात शिकायला गेला आणि तिथल्या मित्रांच्या लीगमध्ये सामील झाला. त्याच्याकडून ऐकता ऐकता मला या खेळात आपल्या कामाचं काहीतरी सापडलं.

हा खेळ काढते इलेक्ट्रॉनिक आर्ट्स ही कंपनी. इंटरनेटवरून मित्रमंडळींनी मिळून एकेक कॉलेज वाटून घ्यायचं, प्रत्येकानं आपापल्या कॉलेजचा प्रशिक्षक व्हायचं, आणि हंगामामागून हंगाम खेळत राहायचं, अशी सोय त्यात २००८ साली आली. तेव्हा बारा जणांना एकत्र खेळता येई, आता बत्तीस जणांना येतं. शाळेतली होतकरू मुलं हेरायची, त्यांना आपल्या कॉलेजात ओढायचं, चार वर्षांनी ती पदवी घेऊन गेली की पुन्हा नव्यानं संघ बांधायचा. एखादा मुद्दाम तळातलं कॉलेज घेतो आणि पाच-सहा हंगाम खपून त्याला वर आणतो. त्या विजयाची गोडी बलाढ्य संघ घेणाऱ्याला कळायची नाही.

या लीगचा एक कारभारी असतो. त्याला कमिशनर म्हणतात. कोणाचा सामना कधी, कोण कामावर आहे, कोणाची परीक्षा आहे, हे सांभाळून सगळ्यांचे सामने झाले की तो हंगाम एक आठवडा पुढे ढकलतो. त्याला पगार नाही. वाट्याला येतात त्या तक्रारीच. आपल्याकडच्या कविसंमेलनाच्या सूत्रसंचालकाची आठवण यावी!

यापेक्षा मजेशीर आहेत ते नियम. यंत्राला काय चालतं आणि माणसाला काय शोभतं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे या पोरांनी ओळखलेलं असतं. यंत्रात काही फटी असतात. एखादी चाल अशी सापडते की समोरच्याला तिच्यावर उपायच नसतो. ती पुन्हा पुन्हा वापरून जिंकता येतं, पण बऱ्याच लीगमध्ये तसं जिंकणं हलकं मानतात. चौथा प्रयत्न धोक्याचा असतो, म्हणून खऱ्या मैदानात संघ बहुधा चेंडू लाथेनं दूर मारून मोकळा होतो. पडद्यावर हाडं मोडत नाहीत की नोकरी जात नाही, त्यामुळे दर वेळी धोका पत्करायचा मोह होतो. म्हणून चौथ्या प्रयत्नाला पुढे जायचं ते केव्हा, याचाही नियम असतो. सामना हातात आल्यावर समोरच्यावर गुणांचा ढीग रचायचा नाही. हरताना वायर उपटून पळायचं नाही. आपण गल्लीत ‘एक टप्पा आउट’ ठरवत होतो ना, तसंच हे. पंच नसतो तिथं शब्द पाळावा लागतो. ‘मामू, इथं हरलेलं चालतं, लबाडी चालत नाही,’ असं भाचा मला सांगतो.

आता त्या मनाईकडे येऊ. खेळातल्या संघांची नावं खरी, मैदानं खरी, गाणी खरी. पण खेळाडूंना नावं नव्हती. जर्सीवर नुसता नंबर. विद्यार्थ्याच्या नावावर धंदा करायचा नाही, या नियमाला दिलेला हा मान! बाकी सगळं तंतोतंत. रटगर्स विद्यापीठाचा रायन हार्ट तेरा नंबरची जर्सी घालून खेळे. २००६च्या खेळात रटगर्सचा तेरा नंबरचा खेळाडू त्याच्याच उंचीचा, त्याच्याच वजनाचा, डाव्या मनगटावर त्याच्यासारखाच पट्टा बांधलेला. नाव तेवढं गायब.

खेळणाऱ्यांना ही रिकामी जागा सोसवेना. मग हौशी लोकांनी नावं स्वतः टंकली. २०१३च्या जुलैत आलेल्या ‘एनसीएए फुटबॉल १४’मध्ये सव्वाशे संघ होते आणि प्रत्येकात सत्तरपर्यंत खेळाडू. म्हणजे आठ हजारांवर नावं! ती लिहून काढायची आणि सगळ्यांना फुकट वाटायची. मला हे काम फार जवळचं वाटलं. आम्ही गझल लिहिणारे शेवटच्या शेरात आपलं नाव, तखल्लुस, गुंफतो. कारण शेर तोंडातोंडी फिरतो, आणि फिरता फिरता कोणाचा होता हे लोक विसरतात. नाव कोरून ठेवणं हा कवीचा सातबाराच.

पण सातबाऱ्यावर नाव लागणं वेगळं आणि पीक घरात येणं वेगळं. हौशी लोकांनी नाव दिलं ते प्रेमानं. खेळाडूच्या हातात मात्र त्यातून काहीच पडत नव्हतं. हे वर्मावर आणलं एका बास्केटबॉलपटूनं. एड ओबॅनन हा १९९५ साली कॅलिफोर्नियातल्या यूसीएलएला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देणारा डावखुरा खेळाडू. पुढे लास व्हेगासमध्ये तो मोटारी विकत होता. एका मित्राच्या घरी त्यानं पडद्यावर स्वतःलाच खेळताना पाहिलं. तोच एकतीस नंबर, तोच डावा हात, तेच तुळतुळीत डोकं. त्याला कोणी विचारलं नव्हतं. २००९ साली तो कोर्टात गेला. हार्ट आणि इतर काही फुटबॉलपटूही आपापल्या वाटेनं लढत होते.

२०१३मध्ये वरिष्ठ न्यायालयानं हार्टच्या बाजूनं कौल दिला. त्याच वर्षी कंपनीनं कॉलेज फुटबॉलचा खेळ थांबवला. पुढे तडजोडीत कंपनी आणि तिच्या भागीदारानं चार कोटी डॉलर आणि कॉलेज खेळांच्या संघटनेनं दोन कोटी डॉलर खेळाडूंसाठी मोजले.

खेळणारे मात्र हळहळले, काहींनी ओबॅननला बोल लावले. अकरा वर्षं नवा खेळ आला नाही. जुन्या प्रती मूळ किमतीहून महाग विकल्या गेल्या. आणि लीग? त्या चालूच राहिल्या. दर वर्षी कोणीतरी नव्या खेळाडूंची नावं जुन्या खेळात भरत राहिलं.

२०२१च्या जुलैत मनाई उठली. २०२४च्या जुलैत ‘कॉलेज फुटबॉल २५’ आला, १३४ संघ आणि दहा हजारांवर खऱ्या नावांसकट. प्रत्येक खेळाडूला ६०० डॉलर आणि खेळाची एक प्रत देऊ केली होती. अमेरिकेत त्या वर्षी सर्वांत जास्त खपलेल्या खेळांत तो पहिल्या काहींत होता, म्हणून ६०० डॉलर ही थट्टाच, असं म्हणणारेही आहेत, आणि त्यांचं चुकतं असं मला वाटत नाही. पण मला पैशांहून मोठी वाटते ती दुसरी गोष्ट. टेक्सासच्या आर्च मॅनिंगनं आधी नकार दिला, आणि पुढे स्वतःच्या मर्जीनं होकार दिला. ‘नको’ म्हणायची सोय हार्टला नव्हती, ओबॅननला नव्हती.

श्रोतेहो, या मंडळींनी एकमेकांशी नीट वागण्याचे किती बारीक नियम केले! कोणी फट वापरायची नाही, कोणी पळून जायचं नाही. पण खेळातली सर्वांत मोठी फट त्यांच्या नियमात बसत नव्हती. ज्याच्या अंगाखांद्यावर सारा खेळ उभा होता, तो त्या न्यायाच्या कुंपणाबाहेर होता. ही गोष्ट फक्त त्यांची नाही. आपल्या पंगतीत वाढण्याचे नियम चोख असतात. रांधणाऱ्याचं नाव कितींना ठाऊक असतं? माणसाचं नाव प्रेमानं घेणं ही चांगलीच गोष्ट आहे. त्याला विचारून घेणं आणि त्याचं देणं देऊन घेणं, ही त्याहून चांगली. खेळ त्यामुळे अकरा वर्षं बंद पडला खरा. पण परत आला तेव्हा तेरा नंबरला नाव होतं, आणि ते त्याच्या सहीनं आलेलं होतं.