घरगुती उद्योग आणि ऑनलाइन पैसे



आमचा अकरा भगिनींचा बचत गट मसाले, पापड आणि लोणची तयार करून विकतो. छोट्या व्यवसायाने ऑनलाइन पैसे कसे स्वीकारावेत, याविषयी आम्ही चुकतमाकत जे शिकलो, तेच आपणांपुढे ठेवतो.

३० डिसेंबर २०१६ रोजी 'भीम' ॲप सुरू झाले. त्याचे नाव बाबासाहेबांवरून ठेवल्याचे त्या वेळी सांगण्यात आले. त्याचा आपणांस अभिमान आहे. परंतु नुसत्या अभिमानाने हिशेब जुळत नाही.

सोय म्हणून आम्ही एका भगिनीच्या वैयक्तिक खात्याचा क्यूआर कोड स्टॉलवर लावला. दिवाळीत विक्री चांगली झाली. त्याच आठवड्यात तिच्या कर्जाचा हप्ता आपोआप वळता झाला आणि त्यात गटाचे चार हजार रुपये गेले. बैठकीत नको ते बोलले गेले. पुढे दोन महिने ती आली नाही. तिने पै न् पै फेडली. पण चूक तिची नव्हती, आम्हा सर्वांची होती.

म्हणून पहिला प्रश्न हा की, पैसे कोणाच्या खात्यात जमा होणार? आता आम्ही गटाच्या नावाच्या, दोन सह्यांच्या खात्यासाठी बँकेकडून क्यूआर कोड घेतला आहे.

दुसरा प्रश्न खर्चाचा. यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावरील व्यापारी शुल्क शासनाने १ जानेवारी २०२० पासून शून्य केले. समोरासमोरच्या विक्रीला तेवढे पुरते. परगावच्या गिऱ्हाइकांकडून कार्डाने पैसे घ्यायचे, तर पेमेंट गेटवे लागतो आणि तो शुल्क घेतो. समजा, शुल्क २ टक्के आहे. हजार रुपयांवर २० रुपये गेले. हजारामागे नफा शंभर असेल, तर पाचवा हिस्सा नफा गेला! म्हणून आधी गिऱ्हाईक पाहावे, मग साधन निवडावे.

तिसरा प्रश्न सुरक्षिततेचा. गिऱ्हाइकाने दाखविलेला स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. आपल्या खात्यात रक्कम जमा झाल्याची खात्री करूनच माल द्यावा. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. फसवणूक झालीच, तर लाजू नये. ताबडतोब १९३० या क्रमांकावर तक्रार करावी.

विद्यार्थी मित्रहो, आपली आई किंवा मावशी काही विकत असेल, तर आज घरी जाऊन एवढेच पाहा: भिंतीवरचा तो कोड कोणाच्या खात्याचा आहे? आणि रोज संध्याकाळी दहा मिनिटे तिच्याजवळ बसून वहीतील विक्री व खात्यातील जमा ताडून पाहा. आपल्या शिक्षणाचा तिला याहून मोठा आधार कोणता?