परक्या गावची मैत्रीण



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तरी लेकीबरोबर पाठीवर पिशवी टाकून मी दक्षिण अमेरिकेतल्या बोलिव्हिया देशात, ला पाझ शहरी जाऊन आले. हे शहर सुमारे ३,६०० मीटर उंचीवर आहे. पहिल्याच दिवशी माझे डोके ठणकू लागले, चार पायऱ्या चढताना धाप लागली. वाटले, उगाच आले; पोरीच्या गळ्यात लोढणे झाले.

दुसऱ्या दिवशी हळूहळू बाजारात गेले. तिथे घोळदार परकर, दोन वेण्या आणि डोक्यावर गोल टोपी अशा थाटात बायका भाजी विकतात. एकीने माझा चेहरा पाहून बसायला खोके दिले, कोकाच्या पानांचा गरम चहा पाजला. मी बटाटे घेतले, तर तिने वर दोन जास्त घातले! या वरच्या घालण्याला तिथे 'यापा' म्हणतात. ती मला 'कासेरिता' म्हणे, म्हणजे नेहमीची माणसे. मीही तिला तेच म्हणू लागले.

२०१४ साली सुरू झालेला रोपवे तिनेच बोटाने दाखवला. त्यातून वरच्या एल आल्तोला जाताना सारे शहर आणि इयिमानीचे बर्फाचे शिखर पाहिले. निघताना माझ्या दोन काचेच्या बांगड्या मी तिच्या हातात भरल्या. दोघींचेही डोळे भरून आले.

भगिनींनो, भाषा येत नाही म्हणून घरी बसू नका.