गिनीपिगचे दात
(वर्धापनदिनी मंडळात केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी कोणी लोणच्यांवर बोलते, कोणी मुलांच्या अभ्यासावर. यंदा माझी पाळी आली तेव्हा चिटणीसबाईंनी विषय विचारला. मी म्हटले, "गिनीपिगचे दात." त्या हसल्या. पण गंगाखेडात आमच्या एका गल्लीत चार घरी हे जनावर आले, आणि गेल्या वर्षात त्यांपैकी दोन पिंजरे रिकामे झाले. पोरे धड जेवली नाहीत. दोन्ही घरच्या बायांचे बोलणे एकच, "वाटी भरलेली होती हो, त्याने तोंडच लावले नाही." म्हणून हा विषय घेतला. मी सातवी शिकलेली बाई. घरी सांभाळून, डॉक्टरांना विचारून व मुलीकडून वाचून घेऊन जे समजले तेच सांगते.

नावात पिग असले तरी हे डुक्कर नव्हे. उंदीर-खारीच्या कुळातले, मूळचे दक्षिण अमेरिकेत पेरू देशाकडच्या डोंगरातले. तिकडचे लोक हजारो वर्षे ते खाण्यासाठी पाळत आले आहेत. आमच्या सासूबाई त्याला पहिल्या दिवशी घूस म्हणाल्या. आता त्याच कोथिंबिरीच्या काड्या त्याच्यासाठी बाजूला काढून ठेवतात.

आपल्याकडे बाजारात बैल घ्यायचा तर माणसे आधी त्याचे तोंड उघडून दात बघतात. दोनदाती, चारदाती, जुळलेला, हे शब्द आपण लहानपणापासून ऐकलेले. या इवल्या जनावराचे तोंड मात्र कोणी बघत नाही. त्याला वीस दात असतात. पुढे वर दोन, खाली दोन. मागे प्रत्येक बाजूला वर चार व खाली चार दाढा. हे वीसच्या वीस दात आपल्या नखांसारखे जन्मभर वाढतात. उंदराचे पुढचे तेवढे वाढतात, याच्या दाढासुद्धा वाढतात. मग त्या झिजायला नकोत का? झिजवणारी वस्तू एकच, गवत. गवताच्या पात्यात अगदी बारीक रेतीसारखा कठीण अंश असतो, आणि लांब पाते चावताना जबडा जात्यासारखा आडवा फिरतो. दाणे, बिस्किटे, भाकरीचा चुरा दिला तर दोन मिनिटांत पोट भरते आणि दाढा तशाच राहतात.

वाढलेल्या खालच्या दाढा आतल्या बाजूला झुकतात आणि जिभेवर पुलासारख्या येतात. जीभ खाली अडकली की घास मागे सरकत नाही. वरच्या दाढा गालात रुततात. जनावर भुकेलेले असते, वाटीकडे धावत येते, वास घेते, तुकडा उचलते आणि टाकून देते. "तोंड लावले नाही" म्हणतात ते हे. त्याला खायचे असते, पण खाता येत नाही. शिवाय त्याचे पोट सतत चालते राहावे लागते. एक दिवस उपाशी राहिले तरी आतडी मंदावतात, मग ते लवकर जाते. लंघन आपल्याला मानवते, त्याला नाही.

आमच्या धाकटीच्या गुंडूची हनुवटी ओली दिसू लागली. शेजारच्या काकू म्हणाल्या, खुरकूत असेल. गाई-म्हशीची लाळ गळाली की आपल्या मनात आधी तेच येते. पण गिनीपिगची लाळ बहुतेक वेळा दातांपायी गळते. त्याचबरोबर गाजराचा तुकडा टाकून मऊ पाला निवडणे, लेंड्या लहान व कमी होणे, डोळ्याला पाणी येणे, ही चिन्हे पाहा. सर्वांत खरी खूण वजनाची. स्वयंपाकघरातल्या काट्यावर पातेले ठेवून दर रविवारी वजन करा व कॅलेंडरवर लिहा. गुंडू पंधरा दिवसांत ९०० ग्रॅमवरून ७६० वर आला, म्हणून आम्ही जागे झालो.

त्याला टोपलीत घालून परभणीला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेले. तिथे पशुवैद्यकीय महाविद्यालय १९७२ पासून आहे, हे आपल्या जिल्ह्याचे भाग्यच. डॉक्टरांनी गुंगी देऊन दाढा घासून बरोबर केल्या. नंतर आठवडाभर गवताची पूड पाण्यात कालवून दर दोन-तीन तासांनी सुई काढलेल्या पिचकारीने भरवली. रात्रीसुद्धा. यजमान म्हणाले, तान्ह्या पोरासाठी तरी इतके केले होते काय! केले होते. त्यांना आठवत नाही, एवढेच.

घरी नेलकटरने दात कापू नका, दात उभा चिरतो. आणि उरलेल्या गोळ्या देऊ नका. पेनिसिलिनच्या जातीचे औषध पोटात गेले तर हे जनावर त्यानेच मरू शकते. डॉक्टर नवे असतील तर आपणच ते आठवण करून द्यावे, त्यात संकोच नको.

दुसरे कारण हिरड्यांचे. आपल्यासारखेच यालाही क जीवनसत्त्व अंगात तयार करता येत नाही. नॉर्वेत होल्स्ट व फ्रोलिक या दोघांनी १९०७ साली गिनीपिगवरच हे दाखवले. नुसत्या धान्यावर ठेवलेल्या गिनीपिगना माणसासारखा स्कर्व्ही झाला. हिरड्यांतून रक्त येते, दात हलतात, सांधे दुखतात. उपाय आपल्या टोपलीतच आहे. ढोबळी मिरचीची फोड, कोथिंबीर, पेरूचा लहान तुकडा, रोज, कच्चे. शिजवले की सत्त्व जाते. पाण्यात थेंब टाकून ठेवणेही व्यर्थ, ते लवकर निकामी होते. दुकानदार रंगीत दाण्यांची पिशवी मोठ्या प्रेमाने देतात. ती त्यांच्यापाशीच राहू द्यावी.

गवत कोणते, असे पुष्कळजणी विचारतात. हरळी, म्हणजे गणपतीला वाहतो ती दूर्वाच, मारवेल, पवना. वाळलेले गवत रात्रंदिवस समोर असावे. लसूणघास मोठ्या जनावराला रोज नको, त्यातल्या चुन्याने मूतखडा होतो. कोवळी ज्वारी तर नकोच; तिने गाय दगावते, हे शेतकऱ्याच्या घरात सांगायला नको. बांधावर तणनाशक मारले असेल तर तिथले गवतही आणू नये.

आमच्या माळवदावर हरळी वाळत घातलेली असते. ज्यांच्या घरी हे जनावर आहे त्यांनी पोरांना पिशवी देऊन पाठवावे. फक्त दुपारी दोन ते चार नको, तेव्हा सासूबाई झोपतात.