दवंडी कोणासाठी?

कार्ल्यात बोलायचे म्हणजे एकवीरा देवीच्या डोंगरावरच्या पायऱ्यांचा विषय निघणारच. पण एकवीरेचा डोंगर आपण उभारलेला नाही. ग्रामपंचायतीचा ओटा मात्र आपणच बांधतो. देवीसाठी रोपवेची चर्चा वर्षानुवर्षे चालते. व्हीलचेअरवरचा माणूस ग्रामसभेला कसा येणार, हे मात्र क्वचितच कोणी विचारते. हे मी एकट्या कार्ल्याबद्दल म्हणत नाही.

कायद्याने वर्षाला किमान 4 ग्रामसभा. कोरम 15 टक्के मतदारांचा किंवा 100 जणांचा, यांत जो कमी तो. तो भरला नाही की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला कोरमही लागत नाही. कोण येऊ शकले नाही, याची विचारपूस कायद्याच्या या गणितात कुठेच नाही. घरकुलाची यादी येते ती याच सभेपुढे.

तरी एक शहाणपण आपल्याकडे जुने आहे. सभेची नोटीस फलकावर लागते आणि दवंडीही पिटतात. वाचता न येणाऱ्यांना कोणी ‘आधी शिका, मग सभेला या’ म्हटले नाही. निरोप त्यांच्या कानापर्यंत नेला. आता ज्याला ऐकू येत नाही त्याला दवंडीचा काय उपयोग? त्याच्या मोबाइलवर मेसेज टाका. दृष्टिहीनाला विषयपत्रिका वाचून दाखवा. हात वर करून मत घेतले, तर किती हात वर आले ते मोठ्याने सांगा. याला दमडीही लागत नाही.

रॅम्पला लागते. दीड फुटाच्या ओट्याला 1:12 च्या उताराने 18 फूट लांबी हवी. पुष्कळ ठिकाणी दिसतो तो मोटरसायकल चढवायचा उतार. शिवाय हा मावळ आहे. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेपर्यंत गुळगुळीत फरशीवर शेवाळ धरलेले असते. पृष्ठभाग खरबरीत हवा, बाजूला कठडा हवा.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने जुन्या सार्वजनिक इमारती सुगम्य करायला नियम निघाल्यापासून 5 वर्षे दिली होती. नियम जून 2017 चे, म्हणजे मुदत 2022 मध्येच संपली. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सरकारला बजावले, की सुगम्यतेचे निकष नुसते शिफारशीवजा ठेवून चालणार नाही, ते बंधनकारक करा. तमिळनाडूने तर 2025 मध्ये स्थानिक संस्थांवर दिव्यांग सदस्य नेमण्याचा कायदाच केला. आपल्याकडे ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. त्याचा हिशेब ग्रामसभेत मागता येतो. मागणारा आत पोहोचला तर.

यावर गावाचे उत्तर ठरलेले असते: “आम्ही उचलून आणतो की!” भावना चांगली आहे, नाही म्हणत नाही. पण सरपंचांच्या पोरांनी उचलून आत आणून बसवलेला माणूस सरपंचांनाच पाणीपट्टीचा हिशेब कसा विचारेल?