वाटेकडेची फुलं

पाऊस ओसरला की गावोगावच्या वाटांकडेला जी फुलं उमलतात, त्यांच्याकडे आज जरा थांबून पाहू या.

एकदांडी घ्या. तिचं एक फूल म्हणजे बारीक फुलांचा गुच्छ असतो, म्हणून लहान फुलपाखरू एकाच जागी बसून अनेक घोट मध पितं. टाकळ्याच्या पिवळ्या फुलात मध नसतो, फक्त पराग असतो. तो परागकोशांच्या टोकावरच्या छिद्रांतून बाहेर पडतो. भुंगा फुलाला धरून अंग थरथरवतो आणि पराग झडतो. टाकळ्याच्याच पानांवर पिवळी फुलपाखरं अंडी घालतात. रुईचा पराग पुड्यांमध्ये बांधलेला असतो. मध पिणाऱ्या भुंग्याच्या पायांना त्या पुड्या अडकतात आणि दुसऱ्या फुलापर्यंत पोहोचतात.

हेच कीटक पुढे आपल्या वांग्या-टोमॅटोच्या फुलांवर येतात, भोपळ्या-कारल्याच्या वेलांवर फळ धरायला मदत करतात. तेव्हा बांधावरचं सगळंच गवत तणनाशकानं जाळू नका. थोडी जागा रानफुलांसाठी राखा आणि ती फुललेली असताना फवारणी टाळा.